उलटा उमटलेला शिक्का

"तुझे बाबा 'काही नको' म्हणाले, की तिथून लगेच उठू नकोस," आई मला म्हणाली होती. कोबेच्या इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर बसून ती नाशपाती सोलत होती. आजारी ती होती आणि सोलतही तीच होती, कारण माझ्या हातून साल जाड निघतं, निम्मं फळ सालाबरोबर जातं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "आई, बाबा काय लहान मूल आहेत?" ती सुरी न थांबवता म्हणाली, "लहान मूल रडतं तरी." मी हसले, फोड तोंडात टाकली आणि बोटं पुसून तैपेईच्या विमानाची वेळ बघायला लागले. ती फोड किती पाणीदार होती ते मला अजून आठवतं. आईचा चेहरा तेव्हा कसा होता ते आठवत नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हते.

आज तैपेईत वादळाची सुट्टी आहे. नगरपालिकेनं काल संध्याकाळीच जाहीर केली आणि गल्लीतल्या सगळ्यांनी नेहमीसारखं भाजी मंडईकडे धाव घेतली. मी काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, बाल्कनीतल्या कुंड्या आत आणल्या, टब भरून ठेवला. तोमोआकी, माझा नवरा, दक्षिणेत कारखान्यात अडकलाय, फोनवर म्हणतो, "अगं, दर वर्षी येतं वादळ, तू दर वर्षी पहिल्यांदा आल्यासारखी घाबरतेस." कोयोरीला, आमच्या लेकीला, ताप नाही. तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघते, मग माझ्या कपाळाला, मग पुन्हा तिच्या. ती चिडते. नुकती उभी राहायला शिकलीय, सोफ्याला धरून खिडकीतल्या फुल्या मोजल्यासारखी बोट दाखवते. आणि तेवढ्यात फोन थरथरला आणि होसोमीबाईंनी पाठवलेला फोटो आला. बाबा राहतात त्या, कोबेतल्या शिओयाच्या, आळीच्या होसोमीबाई प्रमुख. तिथं अजून घरोघर फिरती पाटी जाते, कचऱ्याचे वार, गटारसफाई, कोण वारलं, सगळं त्या पाटीवर अडकवलेलं असतं, आणि वाचलं म्हणून प्रत्येक घरानं सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून ती शेजारी द्यायची असते. या वेळी पाटीवर प्रश्न होता: एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा कोणी विचारपूस करायला यावं का? दोन रकाने. 'हवं' आणि 'गरज नाही'. होसोमीबाईंनी खाली लिहिलं होतं, "कुसुमीसाहेबांनी 'गरज नाही'वर शिक्का मारला आहे. तुम्ही परदेशात, म्हणून कळवून ठेवते. निश्चिंत असा."

मी फोटो मोठा केला. रकाना बरोबर होता. लाल गोल ठळक होता, शाई कुठं फुटलेली नव्हती. आतली 'कुसुमी'ची, बाबांच्या आडनावाची, दोन्ही जपानी अक्षरं डोक्यावर उभी होती.

खालच्या मजल्यावरच्या शूकाकू, आमच्या घरमालकीण, त्याच वेळी वर आल्या, एका हातात सुपाचा डबा, दुसऱ्या हातात पोलादी वाडगा. त्यांच्याकडे पुष्कळ कंपन्यांचा एकेक शेअर आहे. कंपनी काय बनवते ते त्यांना ठाऊक नसतं, वार्षिक सभेला भेट म्हणून काय वाटते ते तोंडपाठ असतं. "घे, तुझ्या लेकीला," त्या म्हणाल्या. "यंदा सगळ्यांनी हात आखडलाय. मागल्या वर्षी या वाडग्याला झाकण होतं. एकानं तर भांडी घासायचा द्रव दिलाय, तो पण बाटली अर्धी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं? तोंड का असं?" मी फोन पुढं केला. त्यांनी हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिलं. "शिक्का उलटा आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारा माणूस. चष्मा नसेल डोळ्यावर." त्या सहज म्हणाल्या, आणि माझ्या हातातला डबा मला एकदम जड झाला, कारण हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, कोबेच्या न्यायालयात, एका साक्षीत.

बाबा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत होते. शाळा संपल्यावर लागले आणि शेवटी गुणवत्ता विभागाचे संचालक झाले. शिक्क्याचं सगळं मला त्यांनीच शिकवलेलं. लहानपणी ते मला जुनी कागदपत्रं दाखवायचे, ओळीनं लाल गोल, डावीकडे अध्यक्षांचा सरळ, मग उजवीकडे एकेक पायरी खाली उतरत जाणारे, आणि प्रत्येक खालच्या माणसाचा शिक्का जरासा डावीकडे कललेला. "बघ, वाकून नमस्कार करताहेत," बाबा म्हणायचे, आणि मला ते चित्र फार आवडायचं, लाल डोक्यांची माणसं ओळीनं वाकलेली. "आणि एखाद्याला पटलं नसेल तर?" मी विचारलं होतं. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं, घरात आम्ही दोघंच होतो तरी. मग शिक्का हातात फिरवून कोऱ्या कागदावर उलटा उमटवला. "असा. ज्याला कळायचं त्याला कळतं." मला ते एखाद्या गुप्त खेळासारखं वाटलं. पुढं माझ्या लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून त्यांनी शिक्का मारला तेव्हा आईनं कागद हातात घेतला, पाहिला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू इतक्या लांब जावंस हे त्यांना नको आहे." मी कागद उलटसुलट करून पाहिला. बाबांना जाऊन विचारलं, "तुम्हाला तोमोआकी आवडत नाही का?" ते पेपर वाचत होते. "छान मुलगा आहे," ते म्हणाले. "मग लांब जाते म्हणून?" "विमान आहे की आता." नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं त्या शिक्क्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागद चालला. लग्न लागलं. शिक्का उलटा असो की सुलटा, कागद नेहमीच चालतो, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं असं नाही म्हणत मी. पण मी तर हेच शिकत होते. माझा पदवीचा प्रबंध याच विषयावर होता: आशियातल्या निरनिराळ्या देशांत भागधारक संचालकांना न्यायालयात कसं खेचतात. मी चौकटी काढल्या होत्या, बाण काढले होते. तैपेईत लहान गुंतवणूकदारांच्या वतीनं दावा लावायला एक कार्यालयच आहे. सोलमध्ये एकट्याचं चालत नाही, पुरेसे शेअर भरतील इतकी माणसं गोळा करावी लागतात. आमच्याकडे जपानमध्ये थोडेसे शेअर सहा महिने हातात असले की एकटी बाईसुद्धा सगळ्या संचालक मंडळाला उभं करू शकते, तेही स्वतःसाठी नाही, कंपनीचं नुकसान कंपनीला भरून द्या म्हणून. प्राध्यापकांनी माझ्या आकृत्यांचं कौतुक केलं होतं. आकृतीतल्या संचालकाच्या चौकटीला तोंड नव्हतं, पाठ नव्हती, रात्री खोकला येत नव्हता.

ती एकटी बाई म्हणजे फुजिएदाबाई. तोत्तोरीकडच्या, नाशपातीच्या बागा असलेल्या गावच्या. त्यांचा मुलगा शुन ओसाकात शिकायला होता. भाड्याच्या खोलीत आंघोळीला पाणी तापत ठेवलं आणि गॅस हीटरच्या व्हॉल्व्हमधून जे बाहेर पडायला नको होतं ते पडलं, आणि शुन गेला. व्हॉल्व्ह बाबांच्या कंपनीचा. चाचण्यांत तो पास होत नाही हे मंडळाला ठाऊक होतं. परत मागवायचे की वर्षअखेर होऊ द्यायची, असा ठराव बैठकीत आला होता, आणि होऊ द्यायची असं ठरलं होतं. फुजिएदाबाईंनी नुकसानभरपाईचं पाकीट परत केलं आणि कंपनीचे थोडे शेअर घेतले. वार्षिक सभेला आल्या. त्या सभेचं चित्रण मी तैपेईत याच सोफ्यावर बसून पाहिलं. पुढच्या रांगांत कंपनीचीच माणसं बसवलेली, आमच्याकडे बसवतातच, आदल्या दिवशी त्यांची तालीमही होते. फुजिएदाबाई उभ्या राहिल्या, करड्या रंगाचा साधा कोट, आणि म्हणाल्या, "मला एवढंच विचारायचंय, हा ठराव आला तेव्हा तुमच्यातलं कोणीच नाही म्हणालं नाही का?" अध्यक्ष कागद चाळायला लागले. पुढच्या रांगांतून एका सुरात आरोळी आली, "आक्षेप नाही, आक्षेप नाही, कामकाज पुढं चालवा." मग व्यासपीठावरचे सगळे उठले आणि वाकले, आणि मला बाबांचा डोक्याचा मागचा भाग दिसला, तिथले केस आई गेल्यानंतर कुणी नीट कापलेले नव्हते. तेवढंच मी बघत राहिले. तोमोआकी म्हणाला, "बंद कर आता." मी नाही केलं. फुजिएदाबाई उभ्याच होत्या. बाकी सगळे वाकून पुन्हा बसले तरी त्या उभ्या होत्या. मग त्यांनी सहा महिने वाट पाहिली आणि दावा लावला.

साक्षीच्या दिवशी मी कोबेला गेले. पोटात कोयोरी होती, मागच्या बाकावर बसले. फुजिएदाबाईंच्या वकिलांनी बाबांना विचारलं, "आपण ठरावाला विरोध केला होता, असं म्हणता?" "हो." "तोंडानं?" बाबांनी खाली पाहिलं. "लेखी?" "इतिवृत्तावर." वकिलांनी इतिवृत्ताची प्रत वर धरली. "इथं हरकतीचा एक शब्द नाही. आपला शिक्का आहे." बाबा म्हणाले, "शिक्का उलटा आहे." आणि न्यायालयात कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नाही, नाकातून, पण मला ते अजून ऐकू येतं, आंघोळ करताना, भात धुताना, केव्हाही. वकील हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं होतं का?" "अध्यक्षांच्या आलं." "ते काय म्हणाले?" बाबांनी रुमाल काढला, घाम नव्हता तरी पुसला. "म्हणाले, कुसुमी, आज चष्मा विसरलात वाटतं." "मग आपण काय म्हणालात?" "हसलो." यानंतर वकिलांनी कायद्यातलं एक कलम वाचून दाखवलं. मला ते पाठ होतं, माझ्या प्रबंधात तळटीप म्हणून होतं: इतिवृत्तात ज्या संचालकाची हरकत नोंदलेली नाही त्यानं संमती दिली असं धरावं. बाबांनी मान हलवली, जणू पटलंच. निकाल पुढं लागायचा होता, पण माझ्यापुरता तो त्या मान हलवण्यातच लागला.

बाहेरच्या बोळात फुजिएदाबाई आमच्या समोर आल्या. बाबा वाकले, खूप खाली, उठेचनात. मी एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं त्यांच्या कोटाची बाही धरली होती. फुजिएदाबाई म्हणाल्या, "उठा, साहेब." मग म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला होतात, हे मला कळलं. मला विश्वास आहे." बाबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं, इतक्या वर्षांत कुणीतरी कागद योग्य बाजूनं वाचला होता. मग त्या म्हणाल्या, "पण इतक्या हळू?" आवाजात राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं. त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली आणि त्यांनी ती लगेच उचलून भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली. आता कोयोरी झोपली आणि तिचा श्वास ऐकू आला नाही की मी वाकून कान लावते. आणि दर वेळी मला त्या बाई दिसतात, त्या कशा कान लावत असतील, कशाला लावत असतील.

शूकाकूंना मी यातलं थोडंफार सांगितलं होतं. आज त्या सूप वाडग्यात ओतता ओतता म्हणाल्या, "आमच्याकडे बरं आहे बाई. कंपनीनं बुडवलं की ते कार्यालय आहे ना, ते लावतं दावा. मी नुसतं नाव दिलं. कुणावर लागला त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"मग बरं वाटतं?"

"झोप लागते." त्यांनी कोयोरीच्या तोंडात चमचा घातला. "तोंड पाहिलं की काय, मग हाही कुणाचा तरी बाप आहे हे दिसतं. मग काय करायचं त्याचं? तुझी ती बाई वेडी होती, तोंड बघत बसली."

निकालात भरपाई बाबांवरही बसली, तिच्यात घर गेलं, आणि तरीही देणं संपलं नाही. उरलेलं बाबांच्या नावावर राहिलं. ते शिओयाला चढावरच्या दोन मजली चाळीसारख्या इमारतीत एका खोलीत राहायला गेले. आणि तिथून एक नवीनच भीती त्यांच्यात शिरली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं देणंही मुलांकडे येतं. नको असेल तर गेल्याचं कळल्यापासून तीन महिन्यांत न्यायालयाला लिहून द्यायचं, की मला काही नको. पण त्याआधी त्याची एखादी मालमत्ता विकली, वापरली, तर वारसा घेतलाच असं धरतात. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी गेल्या वसंतात कोयोरीला दाखवायला घेऊन गेले. खोली इतकी आवरलेली होती की मला दारातच थांबावंसं वाटलं. एक कप. एक वाडगा. आईचा फोटोसुद्धा नव्हता. "देवळात दिला," ते म्हणाले. "तिथं बरा राहील." कोयोरी खिडकीपाशी रांगत गेली, तिथं पडलेला कपड्यांचा निळा चिमटा तिनं उचलला आणि मुठीत घट्ट धरला. निघायची वेळ झाली. बाबा तिचा निरोप घ्यायला खाली वाकले आणि त्यांना तो चिमटा दिसला. मला वाटलं हसतील. त्यांनी तिची मूठ धरली आणि एकेक बोट उघडायला लागले. ती आधी खेळ समजली, मग रडायला लागली.

"बाबा, चिमटा आहे तो."

"माझ्या घरातलं काही नेऊ नकोस, युकारी."

"तुम्ही जिवंत आहात. आणि चिमट्यानं कुणी वारस होत नाही. मी शिकलेय हे, बाबा. मला विचारा ना."

"तुला ठाऊक असेल." शेवटचं बोट सुटलं. चिमटा त्यांनी खिशात घातला. "उलटा शिक्का पुरेल असं मलाही ठाऊक होतं."

मी म्हटलं, "तुम्हाला काही हवंय का? दर महिन्याला येऊ का? की तुम्हीच चला आमच्याकडे?" ते म्हणाले, "काही नको." कोयोरी खांद्यावर हुंदके देत होती, गाडी सुटणार होती, मी रागावलेही होते. मी उठले. जिना उतरताना वर बघितलं तर त्यांनी दार लावलेलं होतं. तेव्हापासून ते माझा फोन घेत नाहीत. होसोमीबाईंच्या तोंडी निरोप येतो: कुसुमीसाहेब बरे आहेत, मुलीनं उगाच खर्च करून येऊ नये असं म्हणाले.

फोटो आल्यावर मी होसोमीबाईंना लगेच फोन लावला. बाहेर वारा इतका होता की एका कानात बोट घालून बोलावं लागत होतं. "तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाल का?" मी म्हटलं. त्या जाऊन आल्याही. चांगल्या बाई आहेत. "बेल दाबली," त्या म्हणाल्या. "आतूनच आवाज दिला त्यांनी, मी बरा आहे, काही नको म्हणून. मग आले मी."

"दार उघडलं नाही?"

"मीच म्हटलं, उठू नका, मी होसोमी."

"होसोमीबाई, त्यांचा शिक्का उलटा आहे."

"हो का? असेल. आम्ही कुठल्या रकान्यात आहे तेवढंच बघतो."

"उलटा म्हणजे त्यांना ते मान्य नाही. 'गरज नाही' हे त्यांना मान्य नाही."

मग त्या फार समजुतीनं, माझ्या कोयोरीशी बोलावं तशा बोलल्या, "युकारी, तसं असतं तर त्यांनी 'हवं'वरच मारला नसता का, बाळ? आता माणसानं स्वतःच्या हातानं 'गरज नाही' म्हटल्यावर आम्ही आठवड्याला जाऊन त्याला त्रास कसा द्यायचा? पुढच्या वर्षी पुन्हा विचारणारच आहोत." मी कलम पाठ असलेल्या माणसासारखी गप्प बसले. त्या चुकत नव्हत्या. न्यायालयही चुकलं नव्हतं. शूकाकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "विमानाचं बघ." विमानं बंद आहेत. परवा सकाळचं मिळालंय, तेही वादळ पुढं सरकलं तर. मी आता बसून हे लिहितेय, कारण हात रिकामे राहिले की मी कोयोरीला सारखी उचलते आणि ती वैतागते. ती शूकाकूंच्या मांडीवर नवा वाडगा जमिनीवर आपटतेय, आणि दर आवाजाला काकू म्हणतात, "फुटत नाही गं, पोलाद आहे." मी पुन्हा पुन्हा फोटो उघडते. ती खोली मला दिसते, आवरलेली, एक कप, एक वाडगा. आपल्या मागं कुणाला काही उचलावं लागू नये अशी आवरलेली. आणि तो माणूस फिरती पाटी गुडघ्यावर घेऊन बसलाय, शिक्क्याला शाई लावलीय, आणि 'हवं' या शब्दापर्यंत त्याचा हात जात नाहीये. आयुष्यात कधीच गेला नाही. मग तो शिक्का बोटांत फिरवतो. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मला कळलं. पण मी इथं आहे.

म्हणून, वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला राहत असाल, किंवा कामानं जाणार असाल, तर शिओया स्टेशनातून बाहेर पडून रुळांच्या डोंगराकडच्या बाजूनं जी अरुंद चढण निघते ती चढा. वाटेत एक बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान लागतं. त्याच्या पुढची करड्या पत्र्याची इमारत, वरचा मजला, शेवटचं दार. दारावर नाव नाही, पण खिडकीबाहेर दोरी आहे आणि दोरीवर निळे चिमटे. बेल दाबा. आपण कोण ते सांगू नका, माझं नाव तर मुळीच घेऊ नका. अनोळखी माणसाला ते दार उघडतात, तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. ते वाकून नमस्कार करतील. तुम्ही विचारा, काही हवंय का. ते म्हणतील, काही नको.

तिथून लगेच उठू नका.